गेमिंग लॅपटॉप टाइप-सीने चार्ज होत नाही, किंवा होतो पण बॅटरी उतरतच राहते: काय काय बघायचं

हा प्रॉब्लेम मी इतक्या वेळा बघितलाय की समोरचा नुसतं "अरे ते टाइप-सी लावलं ना..." म्हणाला की पुढचं वाक्य मीच पूर्ण करतो. घरचे, ऑफिसातले, मित्रांचे मित्र, सगळे एकच तक्रार घेऊन येतात आणि त्यातल्या बहुतेकांच्या लॅपटॉपला काहीही झालेलं नसतं. कधी केबल चुकीची असते, कधी चार्जर, कधी अपेक्षाच. खरा बिघाड फार थोड्यांचा निघतो, पण तो निघाला तर मात्र घरी खेळत बसायचं नाही, ते शेवटी लिहिलंय.

आधी तुमचं लक्षण यातलं कुठलं ते बघा, कारण त्यावरूनच अर्धं उत्तर मिळतं:

- टाइप-सी लावलं तरी काहीच होत नाही. लाइट नाही, आयकॉन नाही, आवाज नाही.
- चार्जिंग लागतं, तुटतं, परत लागतं. दर काही सेकंदांनी तो टुंग आवाज.
- विंडोज म्हणतं की स्लो चार्जर जोडलाय.
- चार्जर लावलेला दिसतो पण टक्का ६० किंवा ८० वर गोंद लावल्यासारखा अडकलेला.
- एरवी चार्ज होतो, गेम चालू केला की टक्के खाली यायला लागतात.
- टक्के ठीक आहेत पण गेम रखडतो, एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) ३० च्या वर जातच नाही.
- बॅटरी पूर्ण शून्यावर गेली आणि आता टाइप-सीवर लॅपटॉप उठतच नाही.
- पोर्ट हाताला चटका बसेल इतका गरम, जळका वास, पिन आत हलते, किंवा टचपॅड वर उचलला गेलाय. हे शेवटचं असेल तर मधलं काही वाचू नका, आत्ता चार्जर काढा आणि सरळ शेवटच्या भागावर जा.

तपासण्याआधी दोन मिनिटं एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं अंधारात तीर मारल्यासारखं होईल. टाइप-सी हा फक्त भोकाचा आकार आहे. त्या भोकातून काय जातं, डेटा की डिस्प्ले की चार्जिंग, हे कंपनीने आत काय जोडलंय त्यावर. चार्जिंगसाठी जी ठरलेली पद्धत आहे तिला पॉवर डिलिव्हरी म्हणतात, थोडक्यात पीडी. पिन घातली की सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट येतात, मग चार्जर आणि लॅपटॉप एका बारीक तारेवरून आपसात बोलतात, चार्जर सांगतो माझ्याकडे ५, ९, १५, २० व्होल्ट आहेत आणि इतके अँपिअर देऊ शकतो, लॅपटॉप त्यातलं एक मागतो, आणि मग व्होल्टेज वर चढतं. लॅपटॉपला जवळजवळ नेहमी २० व्होल्टच लागतात. हे बोलणं कुठेही फसलं की गाडी ५ व्होल्टवरच अडकते आणि ५ व्होल्टवर गेमिंग लॅपटॉप ढुंकूनही बघत नाही.

जुन्या पीडीची कमाल मर्यादा २० व्होल्ट गुणिले ५ अँपिअर, म्हणजे १०० वॅट. २०२१ मध्ये पीडी ३.१ आलं, त्यात २८, ३६ आणि ४८ व्होल्ट वाढवले, म्हणून ती मर्यादा आता २४० वॅटपर्यंत गेलीये, पण कागदावर. बहुतेक गेमिंग लॅपटॉप टाइप-सीवरून अजूनही ६५, १०० किंवा फार तर १४० वॅटच घेतात. आणि तुमच्या लॅपटॉपबरोबर आलेला तो विटेएवढा अडॅप्टर उचलून बघा, त्यावर १८०, २३०, २८० किंवा ३३० वॅट लिहिलेलं असेल. ते उगाच दिलेलं नाही.

आता एकेक बघू. सोपं आणि फुकटचं आधी.

पोर्ट चार्जिंग घेतो तरी का

हे सगळ्यात आधी, कारण मी निम्म्या लोकांचा विषय इथेच मिटवलाय. लॅपटॉप उलटा करा, खालच्या स्टिकरवर पूर्ण मॉडेल नंबर असतो, तो जसाच्या तसा टाकून कंपनीच्या साइटवरचं स्पेसिफिकेशन काढा. नुसतं मालिकेचं नाव टाकू नका, कारण एकाच नावाखाली एका वर्षीच्या मॉडेलला टाइप-सी चार्जिंग असतं आणि स्वस्त व्हेरिअंटला नसतं, दिसायला दोन्ही जुळे भाऊ. तिथे त्या पोर्टसमोर पॉवर डिलिव्हरी किंवा पीडी असा शब्द हवा, आणि बरोबर वॅटचा आकडा असला तर सोन्याहून पिवळं. "टाइप-सी, ३.२ जेन २, डिस्प्लेपोर्ट" एवढंच लिहिलं असेल तर तो पोर्ट मॉनिटर लावायला आहे, चार्ज करायला नाही, विषय संपला. कुठलीही केबल, कुठलाही चार्जर, कुठलंही सॉफ्टवेअर अपडेट त्याला चार्जिंग शिकवू शकत नाही, कारण आत ते सर्किटच नाही.

पोर्टशेजारच्या चिन्हांनी लोक फार फसतात. वीज कडाडल्यासारखा बाण म्हणजे थंडरबोल्ट, टाइप-सीच्याच भोकातून जाणारं वेगवान डेटाचं कनेक्शन, तो चार्जिंगचा नाही. छोट्या बॅटरीचं चिन्ह बरेचदा उलटं सांगतं, की लॅपटॉप बंद असतानाही या पोर्टातून तुमचा फोन चार्ज होईल, म्हणजे वीज बाहेर जाते, आत येत नाही. दोन तारांच्या प्लगचं चिन्ह असेल तर तो आत घेणारा पोर्ट. दोन टाइप-सी असतील तर दोन्ही करून बघा, कित्येक लॅपटॉपमध्ये मागचा घेतो आणि बाजूचा घेत नाही.

आणि हो, "थंडरबोल्ट ४ आहे म्हणजे चार्ज होणारच" हे मला दर महिन्याला कोणीतरी ऐकवतं. थंडरबोल्ट ४ च्या नियमात एका तरी पोर्टवर चार्जिंग हवं असं आहे खरं, पण ते १०० वॅटपेक्षा कमी लागणाऱ्या लॅपटॉपसाठी. तुमचा राक्षस त्यात बसत नाही.

८० टक्क्यांवर अडकलाय? तो बिघाड नाही

आर्मरी क्रेट, व्हॅन्टेज, तुमच्या कंपनीचं जे काही सॉफ्टवेअर असेल ते उघडा आणि बॅटरी हेल्थ किंवा कन्झर्व्हेशन असं काही चालू आहे का बघा. बॅटरी जास्त टिकावी म्हणून ते ६० किंवा ८० ला चार्जिंग थांबवतं. कधी हे आपणच सहा महिन्यांपूर्वी चालू करून विसरलेलो असतो, कधी अपडेटनंतर आपोआप चालू होतं. बंद करून बघा, टक्का हलला तर झालं काम, आणि खरं सांगायचं तर लॅपटॉप दिवसभर प्लगलाच असतो अशांनी ते परत चालूच करून ठेवावं.

लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जिंगला लावा

स्लीप नाही, शटडाउन. अर्धा तास ठेवा, मग चालू करून टक्का किती वाढला बघा. ही एक तपासणी फुकटात दोन वेगळ्या रोगांमधला फरक सांगते. बंद असताना चार्ज होतो आणि चालू असताना होत नाही, याचा अर्थ बोलणं नीट होतंय, पोर्ट ठणठणीत आहे, फक्त येणारी वीज कमी पडतेय. बंद असतानाही टक्का तसूभर हलला नाही तर पुढे जा.

इथे एक अपवाद. बॅटरी शून्यावर जाऊन लॅपटॉप मेल्यासारखा पडला असेल तर काही गेमिंग लॅपटॉप टाइप-सीवरून उठतच नाहीत. त्यांना पंधरा-वीस मिनिटं मूळ अडॅप्टर लावा, थोडं जिवात जीव आला की मग टाइप-सी लावून बघा. लोक इथेच घाबरतात आणि बोर्ड गेला म्हणून मोकळे होतात.

चार्जरवरची बारीक अक्षरं

डब्यावरचा मोठा आकडा विसरा, चार्जरच्या अंगावरची मुंगीएवढी अक्षरं वाचा, मोबाइलने फोटो काढून झूम केला की दिसतात. आउटपुट म्हणून जोड्या लिहिलेल्या असतात. त्यात २० व्होल्टची ओळ आहे का ते बघायचं. २० व्होल्ट ५ अँपिअर म्हणजे १०० वॅट, २० व्होल्ट ३.२५ म्हणजे ६५. यादी ९ किंवा १२ व्होल्टवरच संपत असेल तर तो फोनचा चार्जर आहे, लॅपटॉपपुढे त्याची डाळ शिजणार नाही.

फोनबरोबर येणारे ते १२० वॅटचे चार्जर वेगळंच प्रकरण. त्यातले बरेच त्या कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलतात, त्यांच्याच फोनला त्यांच्याच केबलने १२० देतात आणि पीडीच्या भाषेत विचारलं की फारच थोडं देतात. चार्जरचं भोक जुन्या चौकोनी यूएसबीचं असेल तर विचारूच नका, त्या केबलमधून पीडीचं बोलणं लॅपटॉपपर्यंत पोचतच नाही.

दोन-तीन भोकांच्या चार्जरवर ते १०० वॅट सगळ्यांत वाटून जातात. तिथे बारीक अक्षरात सी१ अधिक सी२ असं लिहून ६५ आणि ३० अशी वाटणी दिलेली असते. शिवाय दुसऱ्या भोकात फोन लावला की चार्जर क्षणभर सगळ्यांचा पुरवठा तोडून नव्याने वाटणी करतो, त्यामुळे लॅपटॉपचं चार्जिंग जातं आणि येतं. वर लिहिलेल्या लागतं-तुटतं प्रकारातली बरीच माणसं इथेच बरी होतात. बाकी सगळं काढा, लॅपटॉप एकटा लावा, मग बोला.

मॉनिटर किंवा डॉकमधून (एकाच केबलने मॉनिटर, माऊस सगळं जोडणारा डबा) चार्ज करत असाल तर डॉकच्या अडॅप्टरवर किती वॅट आहेत हे महत्त्वाचं नाही, तो लॅपटॉपला पुढे किती देतो ते बघा. त्यातले काही वॅट डॉक स्वतःच खातो.

किती वॅट पुरतात असं विचाराल तर माझं मत, गेमिंग लॅपटॉपला ६५ ही किमान आणि १०० घेतलात तर डोक्याला ताप नाही. ४५ वाल्याला काही लॅपटॉप सरळ नाकारतात, काही घेतात आणि स्लो चार्जर म्हणून रडत बसतात. लॅपटॉप १०० च घेत असेल तर १४० चा चार्जर लावून काही बिघडत नाही, तो मागेल तेवढंच येतं, फक्त जास्तीचे चाळीस फुकट.

केबल

सगळ्यात जास्त वेळा गुन्हेगार हीच असते आणि सगळ्यात शेवटी संशय हिच्यावर जातो, कारण "केबल चांगली आहे, फोन मस्त चार्ज होतो तिच्यावर".

माझा चुलतभाऊ एकदा आला, तोंड उतरलेलं. म्हणाला, "दादा, पोर्ट गेला बहुतेक. दुकानात दाखवला तर म्हणाले मदरबोर्डचं काम आहे." लॅपटॉपच्या स्पेसिफिकेशनमध्ये १०० वॅट पीडी स्पष्ट लिहिलेलं, चार्जर १०० चा, चांगला. लावला की स्लो चार्जरचा मेसेज आणि काही रेंडर करायला घेतलं की टक्के खाली. मी केबल मागितली तर खिशातून रबरबँड लावलेली पांढरी बारीक केबल काढली, फोनबरोबर आलेली. माझ्याकडे एक अंगठ्याएवढा यूएसबी मीटर आहे, तो मध्ये लावला. स्क्रीनवर २० व्होल्ट आणि २.९ अँपिअर. काहीही केलं तरी ३ च्या वर काटा जाईना. मग माझी केबल लावली, तोच चार्जर, तोच पोर्ट, आणि आकडा ४.६ वर गेला. मेसेज गायब. भाऊ मीटरकडे बघतोय, मग केबलकडे, मग परत मीटरकडे. मदरबोर्ड वाचला त्याचा.

हे असं का होतं तर साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच धरली जाते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. त्यापुढे ५ अँपिअर न्यायचे असतील तर केबलच्या टोकात एक बारीक चिप लागते, तिला ई-मार्कर म्हणतात. चार्जर आधी त्या चिपला विचारतो की बाई तुला झेपेल का, आणि उत्तर आलं नाही तर स्वतःकडे १०० असून ६० च देतो. हे सुरक्षिततेसाठीच आहे, नाहीतर बारीक तार तापून वितळली असती. म्हणून चार्जर मोठा आणून उपयोग नाही, केबलही तशीच हवी. तिच्यावर किंवा तिच्या टोकावर १०० वॅट, ५ अँपिअर किंवा २४० वॅट असं लिहिलेलं बघा. आता नवीन घेत असाल तर २४० वालीच घ्या, प्रमाणित केबलवर ६० किंवा २४० वॅटचा छापा असतो आणि २४० वाली खालच्या सगळ्याला चालतेच. १४० चा चार्जर आणि जुनी १०० वाली केबल अशी जोडी असेल तर १०० च मिळणार, तक्रार करू नका.

जाडी बघून केबल ओळखता येत नाही. जाडजूड, कापडाचं विणलेलं आवरण असलेली केबल ६० वॅटची निघालेली मी बघितलीये. डेटाचा स्पीडही वेगळी गोष्ट, हळू डेटाची केबल २४० वॅट नेऊ शकते.

आणि ती चुंबकाची टोकं, पोर्टात बारीक तुकडा बसवून केबल टपकन चिकटणारी, ती लॅपटॉपला लावू नका. टोक जरा सरकलं की संपर्क तुटतो, २० व्होल्ट ५ अँपिअरला तिथे ठिणगी पडू शकते, आणि त्या चुंबकावर लोखंडाचा कीस जमला तर बाजूबाजूच्या पिना शॉर्ट व्हायची भीती. टाइप-सीत एवढ्याशा जागेत २४ पिना आहेत.

पोर्टातला कचरा

टॉर्च मारून आत बघा. दप्तरात, खिशात राहून आतल्या मागच्या भिंतीला धुळीचा नमदा तयार होतो, पिन पूर्ण आत जात नाही, वरवर लागल्यासारखी वाटते. ओळखायची खूण म्हणजे चांगल्या पोर्टात पिन बसताना बारीक टक् होतं, ते होत नाही. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, मग लाकडी टूथपिक चपटी करून हळूच खरवडा आणि मऊ ब्रशने झाडा. मधली पट्टी नाजूक असते, तिला जोर लावायचा नाही. सुई, सेफ्टी पिन, स्क्रू ड्रायव्हर नाही म्हणजे नाही, बॅटरी आत जोडलेलीच असते.

दमून अडकलेला लॅपटॉप सोडवायचा

चार्जिंगवर लक्ष ठेवणारी एक छोटी चिप लॅपटॉपात वेगळी असते, ती कधीकधी अडकते आणि नुसत्या रिस्टार्टने सुटत नाही. सगळं काढा, चार्जर, माऊस, पेन ड्राइव्ह, सगळं. शटडाउन करा. मग पॉवर बटण ३० ते ४० सेकंद दाबून धरा. काही मॉडेलना खाली टाचणीच्या टोकाएवढं रिसेटचं भोक असतं, मॅन्युअलमध्ये सापडेल. मग आधी मूळ अडॅप्टरवर चालू करा आणि नंतर टाइप-सी लावा. वाटतो अंधश्रद्धेचा प्रकार, पण "काल चालत होतं, आज काहीच नाही" वाल्यांना याने खूपदा गुण येतो.

सॉफ्टवेअर

डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी कनेक्टर मॅनेजर असा एक भाग असतो, त्यात यूसीएसआय नावाच्या ओळीवर पिवळा त्रिकोण दिसतोय का बघा. दिसला तर त्या ओळीवर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल, रिस्टार्ट, विंडोज ती परत बसवतं. तरी गेला नाही तर कंपनीच्या साइटवरून चिपसेटचे ड्रायव्हर घ्या. मग बायोस अपडेट, बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर. पीडीच्या तक्रारी बायोसच्या किंवा पीडी फर्मवेअरच्या अपडेटने सुटल्याची उदाहरणं खूप आहेत, अपडेटच्या नोंदींमध्ये टाइप-सी किंवा चार्जिंग असा उल्लेख आहे का वाचा. बायोस टाकताना मूळ अडॅप्टरच लावायचा. ज्या टाइप-सीवर आपल्याला संशय आहे तिच्याच भरवशावर बायोस टाकायला निघालेला एक महाभाग मला भेटलाय, वेळेवर हात धरला.

बॅटरीच थकली असेल असं वाटत असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, आणि बॅटरीरिपोर्ट एकत्र, हे इंग्रजीत टाइप करा. एक फाइल बनते, तिच्यात नवी असतानाची क्षमता आणि आत्ताची क्षमता शेजारी शेजारी मिळतात. ८० वॅट-अवरची (वॅट-अवर म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या विजेचं माप) बॅटरी आता ४५ च धरत असेल तर टक्के भराभर उतरण्याचं कारण टाइप-सी नाही.

मीटर

इथपर्यंत येऊनही उत्तर मिळालं नाही तर तो वर सांगितलेला टाइप-सी मीटर कोणाकडून तरी मागून आणा, किंवा घ्या, साधा पुरतो, फक्त १०० वॅट झेपणारा हवा. चार्जर आणि केबल आधी दुसऱ्या कुठल्या तरी टाइप-सीने चार्ज होणाऱ्या लॅपटॉपवर चालतात हे बघून घ्या. मग आपल्या लॅपटॉपवर मीटर ५ व्होल्टच दाखवतोय तर बोलणंच होत नाहीये. २० व्होल्ट दाखवतोय पण अँपिअर जवळजवळ शून्य, तर बोलणं झालं पण लॅपटॉप वीज घेत नाहीये, आधी ती ८० टक्क्यांची सेटिंग परत बघा आणि मग बोर्डावर संशय घ्या. आकडा ५ आणि २० मध्ये उड्या मारतोय तर पिन ढिली किंवा चार्जर दमतोय. हे आकडे लिहून ठेवा, पुढे दुरुस्तीवाल्याकडे उपयोगी पडतात.

सगळं ठीक आहे, पण गेम चालू केला की बॅटरी उतरते

उतरणारच. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही, पण कोणी ऐकत नाही म्हणून आकडे मांडतो. जड गेममध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून आरामात १५० ते २०० वॅट मागतात, वर स्क्रीन आणि पंखे. टाइप-सीवरून येतात १००. समजा मागणी १८० ची, तर दर तासाला ८० वॅट-अवर बॅटरीतून जाणार, आणि बॅटरीच मुळात ८०-९० ची. मोठ्यातल्या मोठ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्याही १०० च्या आतच ठेवतात, कारण विमानात त्याच्या वरची परवानगीशिवाय नेता येत नाही. म्हणजे तासाभराचा खेळ.

प्रत्यक्षात लॅपटॉप एवढं होऊ देत नाही. टाइप-सीवर आहोत हे त्याला कळलेलं असतं, म्हणून तो प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांचा खुराक कापतो, टर्बो किंवा परफॉर्मन्स मोड राखाडी होतो, गेम रखडतो. एफपीएस बरोबर ३० वर अडकला असेल तर एनव्हिडियाच्या सेटिंगमधला बॅटरी बूस्ट बघा, तो असाच लगाम घालतो. लगाम काढता येतो, पण मग टक्के अजून जोरात उतरतील, घी देखा लेकिन बडगा नहीं देखा अशी गत.

उलट साध्या कामात हाच टाइप-सी राजा आहे. ब्राउझर, टायपिंग, व्हिडिओ यात हाच लॅपटॉप २०-२५ वॅटवर चालतो, ६५ चा चार्जर तो सांभाळून वर ४० बॅटरीत टाकतो. कॉलेज-ऑफिसला ती वीट घरी ठेवून मी गेली कित्येक वर्षं असंच करतोय. गेम खेळायचा तर घरी, मूळ अडॅप्टरवर. फ्रेमवर्क लॅपटॉप १६ सारख्या काहींना मुळातच १८० वॅटचा टाइप-सी चार्जर मिळतो, त्यांचं गणित वेगळं, पण ते अजून अल्पसंख्य आहेत.

पॉवर बँकचंही इथेच सांगून टाकतो. २०,००० एमएएच म्हणजे आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टने धरले तर ७४ वॅट-अवर, त्यातलेही काही रूपांतरात जातात. तुमची बॅटरी एकदाही पूर्ण भरणार नाही. आणि पॉवर बँकवर ६५ किंवा १०० वॅट पीडी लिहिलेलं नसेल तर सुरूही होणार नाही.

दोन जुगाड लोक हमखास विचारतात. मूळ अडॅप्टर आणि टाइप-सी दोन्ही एकदम लावले तर बेरीज होईल का? नाही, लॅपटॉप त्यातला एक निवडतो, सहसा मोठा. दुसरा, टाइप-सीला गोल पिनचा कन्व्हर्टर लावून लॅपटॉपच्या मूळ भोकात घालायचा. हा करू नका. लॅपटॉपला वाटतं आपला २३० वॅटवाला आलाय, तो तेवढं ओढायला जातो, चार्जर जीव वाचवायला बंद पडतो, परत चालू होतो, परत बंद. नशीब चांगलं असेल तर एवढ्यावर भागतं, नाहीतर कन्व्हर्टर वितळतो. बऱ्याच कंपन्या पिनेतून अडॅप्टरची ओळखही तपासतात, तिथे तो चालतही नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

टचपॅड किंवा खालचं झाकण फुगून वर आलंय, म्हणजे बॅटरी फुगलीये. चार्जिंग ताबडतोब बंद, लॅपटॉप बंद, दाबायचं नाही, टोचायचं नाही, स्वतः उघडायचं नाही. "अजून चालतोय ना" म्हणून आठवडाभर वापरायचा तर अजिबात नाही.

जळका वास, पोर्टाभोवती काळं किंवा वितळलेलं प्लास्टिक, पिना हिरवट झालेल्या, चहा-पाणी सांडलंय. पाणी सांडल्यावर "वाळलं की लावून बघू" हे सगळ्यात महागाचं वाक्य आहे, कारण २० व्होल्टची पिन आणि बोलण्याची पिन अगदी शेजारी शेजारी असतात, ओल राहिली तर ते २० व्होल्ट त्या नाजूक चिपमध्ये शिरतात.

पोर्ट आत हलतोय. तो बोर्डाला सोल्डर केलेला असतो, हलवत राहिलात तर बोर्डावरच्या पट्ट्या उखडतात आणि साध्या पोर्टबदलीचं बोर्डाचं काम होतं.

आणि चांगला चार्जर, ई-मार्करवाली केबल, साफ पोर्ट, नवा बायोस एवढं सगळं करूनही, स्पेसिफिकेशनमध्ये पीडी लिहिलेलं असताना मीटर ५ व्होल्टच्या वर जात नाही, तर पीडीची चिप किंवा तिच्यामागचं काहीतरी गेलंय. ते हॉट एअर गन आणि मायक्रोस्कोपचं काम आहे, व्हिडिओ बघून करायचं नाही. वॉरंटी असेल तर आधी कंपनीकडेच. नसेल तर चिप लेव्हलचं काम करणारा शोधा, आणि जाताना नुसता लॅपटॉप नेऊ नका, तोच चार्जर, तीच केबल आणि मीटरचे आकडे लिहिलेला कागद बरोबर न्या. मूळ अडॅप्टरवर चार्ज होतोय की नाही हेही पहिल्या वाक्यातच सांगा. होत असेल आणि तरीही तो न उघडताच पूर्ण मदरबोर्ड बदला म्हणाला, तर लॅपटॉप उचला आणि दुसऱ्या कोणाला तरी दाखवा.